व्याह्यांची पिकअप आणि विहीणबाईंचं लाटणं

आमच्या व्याह्यांइतकं समोरच्याला थक्क करून सोडणारं माणूस उभ्या मावळात दुसरं नसेल, हे मी छातीठोकपणे सांगतो. लोणावळ्याला रेल्वेच्या तिकीट खिडकीमागे मी चौतीस वर्षं काढली. गाडी सुटून गेल्यावर तिचं तिकीट मागणारे पाहिले, नवऱ्याला प्लॅटफॉर्मवर विसरून गेलेली बाई पाहिली, भुशी धरणाच्या पाण्यात चपला वाहून गेल्यामुळे अनवाणी रांगेत उभी राहिलेली अख्खी वरात पाहिली. त्यामुळे निवृत्त झालो तेव्हा, आता आपल्याला कशाचंही नवल वाटायचं नाही, अशी माझी समजूत होती. मग मुलीचं लग्न ठरलं आणि व्याही भेटले. त्यांच्या जुन्या पिकअपला गेल्या बावीस वर्षांत एकदाही धक्का मारावा लागलेला नाही. ते सगळे धक्के माझ्या वाट्याला आले.

पहिला बसला तो मुलाचं घर बघायला कार्ल्याला गेलो त्या दिवशी. अंगणात एक पिकअप उभी होती. मूळचा रंग पांढरा असावा असा अंदाज करता येत होता. इंजिन चालू, बॉनेट उघडं, आणि त्यात कमरेपर्यंत वाकलेले एक गृहस्थ. त्यांच्या तोंडात लाटणं होतं. लाटण्याचं एक टोक इंजिनवर टेकवलेलं, दुसरं पुढच्या दातांत घट्ट धरलेलं, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर वंदना चालू असावी अशी शांतता. आमच्या हिने माझा दंड इतक्या जोरात दाबला की दोन दिवस वळ राहिला. "हे मुलाचे वडील नसतील ना हो?" ती म्हणाली. मी परत फिरायच्याच बेतात होतो, तेवढ्यात त्यांनी लाटणं तोंडातून काढलं, लेंग्याला पुसलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "दुसऱ्या नंबरचं नोझल कुरकुरतंय. जय भीम, पाव्हनं. या, बसा." जेवायच्या वेळी हिने चपातीचा तुकडा हातात धरूनच विहीणबाईंना विचारलं, "चपात्यांचं लाटणं वेगळं असेल ना?" विहीणबाई हसून म्हणाल्या, "व्हय ताई, माझं नवं हाय. त्ये त्यांनी नेलं त्याला पाच वर्सं झाली." मग कुठे आम्ही जेवलो.

पुढे कळलं की या लाटण्याला पंचक्रोशीत मोठा मान आहे. कुणाचा टेम्पो धूर सोडू लागला, कुणाच्या ट्रॅक्टरला दम लागू लागला की गॅरेजकडे जाण्याआधी लोक आमच्या व्याह्यांच्या अंगणात येतात. व्याही लाटणं दातांत धरतात, क्षणभर डोळे मिटतात आणि निदान सांगतात. आजवर ते चुकलेलं कुणी पाहिलेलं नाही. "आबांचा कान म्हंजी कान!" असं लोक त्यांच्याबद्दल म्हणतात. हे 'कान' प्रकरण लक्षात ठेवा. मी सहा वर्षं ते ऐकत होतो आणि मान डोलावत होतो, याची मला आजही लाज वाटते.

गाडीची बडदास्त ते ज्या रीतीने ठेवतात, तशी मी माझ्या तब्येतीची ठेवली असती तर आज गुडघे धरून बसलो नसतो. मीटर पाच आकडी आहे. सगळे नऊ संपून तो शून्यावर कितीदा आला, याच्या खुणा त्यांनी डॅशबोर्डच्या कडेला खिळ्याने कोरल्या आहेत आणि मी त्या मोजल्या तेव्हा खाली बसून घेतलं. थंडीत इंजिनावर गोधडी असते. घरात माणसांना गोधडी कमी पडली तरी चालेल. ऑईल ते बोटांच्या चिमटीत चोळून बघतात, वास घेतात, आणि एकदा तर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, जिभेच्या टोकाला लावून बघितलं. मग थुंकून म्हणाले, "अजून आठ दिस जाईल." घरातल्या ओसरीच्या भिंतीवर झिजलेले भाग खिळ्यांना टांगून ठेवलेले आहेत. प्रत्येकाचा इतिहास तोंडपाठ. "ह्यो बेअरिंग कामशेतच्या खिंडीत गेला. लय गुनाचा व्हता," असं म्हणताना त्यांचा आवाज जड होतो. मधोमध त्यांच्या वडिलांचा फोटो आहे आणि त्याच्या शेजारी पहिली क्लच प्लेट. सुरुवातीला ही मांडणी बघून मी हिच्याकडे पाहिलं होतं. आता मीही जाता येता दोघांना नमस्कार करतो.

ब्रेकवर पाय ठेवणं त्यांना कमीपणाचं वाटतं. पुढचं वळण, पुढची म्हैस, पुढची सहलीची बस हे सगळं त्यांना फर्लांगभर आधी दिसतं आणि गाडी आपली आपण हळू होते. पावसाळ्यात शनिवार-रविवारी भुशीच्या चढावर नव्या कोऱ्या, चकचकीत मोटारी क्लच जाळून वाटेत बसतात. व्याही दोर घेऊन जातात आणि एकेकीला ओढून वर काढतात. बक्षिसी घेत नाहीत. फक्त मालकाला खाली उतरवतात, त्याचा हात त्याच्याच बॉनेटवर ठेवायला लावतात आणि म्हणतात, "बगा कशी तापलीय. माफी मागा तिची." काळे चष्मे लावलेली धडधाकट माणसं भर पावसात आपल्या गाडीची माफी मागताना मी पाहिली आहेत.

लग्नात मी मुलीच्या पाठवणीसाठी फुलांनी सजवलेली मोटार सांगितली होती. व्याही पिकअप घेऊन हजर. हौद्यात नवी सतरंजी, बॉनेटला निळ्या-पांढऱ्या फिती. "सून माज्या गाडीतनं येनार," ते म्हणाले. मी हात जोडून म्हटलं, आबा, लोक काय म्हणतील, तिला मोटारीतूनच जाऊ द्या. ते म्हणाले, "व्हय, तेच म्हन्तो मी." मला वाटलं, पटलं. मोटार निघाली, पिकअप मागोमाग निघाली, आणि लोणावळ्याच्या बाहेर पर्यटकांच्या गर्दीत माझ्या फुलांच्या मोटारीचं पाणी उकळलं. आमची प्रज्ञा शालू सावरत पिकअपच्या केबिनमध्ये चढली आणि खिडकीतून आमच्याकडे बघून इतकी हसली की रडायला तयार असलेली तिची आई गोंधळून गेली.

हे "व्हय, तेच म्हन्तो मी" त्यांचं सर्वांत मोठं शस्त्र होतं. काहीही विचारा, काहीही सुचवा, उत्तर एकच. मला ते फार धोरणी वाटायचे. फोन त्यांनी कधी कानाला लावला नाही. विहीणबाईंकडे द्यायचे. आणि केबिनचा एक कडक नियम होता: गाडी चालू असताना कुणी अवाक्षर काढायचं नाही. "इंजन बोलतंय ना, मग आपन गप ऱ्हायाचं," ते म्हणायचे. चार वर्षांची आमची नात, जी झोपेतसुद्धा बोलते, ती त्या केबिनमध्ये तोंडावर बोट ठेवून बसायची.

आता यंदाच्या एप्रिलची गोष्ट. गावातली जयंतीची मिरवणूक बावीस वर्षं याच पिकअपवरून निघते. फाट्यापासून विहारापर्यंत, पहिल्या गिअरमध्ये, पावलापावलाने, डोक्यावर ऊन घेऊन. चांगल्या चांगल्या गाड्या त्या चालीत तापून मान टाकतात. ही कधी थांबलेली नाही. पण यंदा मंडळाच्या पोरांना मोठा नवा ट्रक हवा होता. जुनी गाडी मधेच बंद पडली तर गावाची शोभा होईल, असं त्यांचं म्हणणं. विहारात बैठक झाली. व्याही उभे राहिले आणि एवढंच बोलले, "बावीस वर्सांत येकदा बी थांबली का?" ठरलं की पिकअपच पुढे राहील आणि परवानगीच्या अर्जात तिचाच नंबर द्यायचा.

बैठकीनंतर आमच्या जावयांनी मला बाजूला घेतलं. ते कंपनीत सुपरवायझर आहेत, सरळ माणूस. म्हणाले, "बाबांचं वय झालंय. अर्ज द्यायला ते वडगावला जाणार आहेत, तुम्ही बरोबर जा. चालवण्यात एक चूक दिसली तरी मला सांगा, मी त्याच दिवशी चावी काढून घेतो. मिरवणुकीबिरवणुकीचं नंतर बघू." म्हणजे मला व्याह्यांवर हेर म्हणून नेमलं. आयुष्यात मी कुणाची चहाडी केलेली नाही, पण त्या केबिनमध्ये नातही बसते, म्हणून कबूल झालो.

कामशेतपर्यंत चूक शोधून सापडली नाही. खिंड ओलांडली आणि हॉर्न वाजला. समोर रस्ता मोकळा होता. हॉर्न वाजतच राहिला. आधी मला वाटलं, व्याही कुणावर तरी चिडले. पण त्यांचा एक हात स्टिअरिंगवर, दुसरा डॅशबोर्डवर पसरलेला आणि ओठांवर मंद हसू. हॉर्नच्या वायरीत काहीतरी चिकटलं होतं हे मला कळलं, पण बोलायची बंदी! पुढच्या गाड्या घाबरून बाजूला होऊ लागल्या. एका बसच्या ड्रायव्हरने आम्हाला दवाखान्याची गाडी समजून वाट करून दिली. व्याह्यांनी त्याला हात केला. मी हातवारे केले, कानाकडे बोट दाखवलं. ते मान हलवून हसले आणि माझ्या बाजूची काच वर करायची खूण केली. त्यांना वाटलं मला वारा लागतोय.

असे आम्ही वडगावात शिरलो. कोर्टाच्या भिंतीजवळ त्यांनी सावली बघून गाडी लावली, चावी काढली, हॉर्न तरीही चालूच, खाली उतरले, दार लावलं, अर्जाची पिशवी बगलेत मारली आणि कचेरीच्या दिशेने चालू लागले. मी केबिनमध्ये पुतळ्यासारखा बसून राहिलो. खिडक्यांतून कारकून डोकावले, काळे कोट बाहेर आले. एका हवालदाराने माझ्या दारावर काठी आपटली. "ओ काका, कोर्ट चालूए आत! बंद करा ते!" मी दोन्ही हात वर केले. "मालक कुठंय?" मी बोट दाखवलं. मालक बाजाराच्या गर्दीतून शांतपणे चालले होते, आणि एकशे एक माणसं वळून गाडीकडे बघत असताना ते एकटेच वळून बघत नव्हते.

त्या क्षणी मला कळलं. गेल्या सहा वर्षांतलं एकेक डोळ्यांपुढून गेलं. दातांतून इंजिनाची थरथर जोखणारं लाटणं, फोन, केबिनमधली शांतता, व्हय तेच म्हन्तो मी. मी धावत जाऊन त्यांचा खांदा धरला. ते वळले, माझा चेहरा पाहिला, मग माझ्यामागे जमलेली गर्दी पाहिली. एक अक्षर न विचारता परत आले, बॉनेटवर तळहात ठेवला आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. बॉनेट उघडून त्यांनी एका झटक्यात वायर उपटली. वडगावात अशी शांतता याआधी मी कधी ऐकली नव्हती.

अर्ज देऊन आम्ही परत गाडीत बसलो. त्यांनी चावी लावली नाही. मी त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश विचारलं, "कधीपासून?" ते माझ्या ओठांकडे बघत होते. "धा-बारा वर्सं झाली. पैला डावा गेला. मंग उजवा बी." मी विचारलं, कशाने? त्यांनी अंगठ्याने डोक्यामागे, केबिनच्या मागच्या काचेकडे दाखवलं. "मिरवनुकीचे कर्णे हितंच बांदायचे ना. बरोब्बर टाळक्याच्या मागं. सकाळधरनं सांजपातुर." मला संतापच आला. मी म्हटलं, "मग कापूस घालायचा होता कानात! बावीस वर्षं काय केलंत?" ते माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं बोललो होतो. "कापूस घातल्याव इंजन कसं ऐकू येनार, पाव्हनं? पैल्या गिअरला तापाय लागली की तिचा आवाज बदलतो. तेवढा कळला की मी जरा दम देतो तिला. न्हाई कळला तर मिरवनूक थांबंल की."

मी खिडकीबाहेर बघत बसलो. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त त्यांचा अभिमान वाटला. त्या दोन्ही गोष्टी सांगायच्या तर त्यांना माझे ओठ दिसायला हवे होते, आणि माझे ओठ थरथरत होते. शेवटी तेच म्हणाले, "पोराला सांगनार का?" मी म्हटलं, तुम्हीच सांगायचं. मिरवणूक झाली की त्याच दिवशी. तोवर नातीला गाडीत घ्यायचं नाही, आणि मिरवणुकीत तुमच्या शेजारी मी बसणार. "व्हय," ते म्हणाले, "तेच म्हन्तो मी." या वेळी त्यांना सगळं समजलं होतं.

घरी आल्यावर जावयांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, गाडी ठणठणीत आहे. गाडी ठणठणीत होतीच. मग मंडळाच्या पोरांपुढे उभा राहिलो. जन्मात कधी सभेत तोंड उघडलं नव्हतं. म्हणालो, साउंडचे बॉक्स पिकअपवर नकोत, मागच्या गाडीवर, शंभर पावलं लांब. पोरं उसळली. एकाने विचारलं, "का बरं? आबांची काय तक्रार न्हाई!" मी म्हटलं, आबांची नाही, माझी आहे, मला चक्कर येते. "शहरातलं पाव्हनं हाय, नाजूक असतंय," असं म्हणून सगळे हसले. मी ते हसू मुकाट गिळलं. विहीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला ताक आणून दिलं आणि हळूच म्हणाल्या, "बरं केलंत." मी चमकून विचारलं, म्हणजे तुम्हाला माहीत आहे? त्या म्हणाल्या, "लाटनं नेलं तवाच वळखलं. म्हनून तर म्या नेमी त्यांच्या म्होरं जाऊन बोलती." हा मला बसलेला बहुधा सर्वांत मोठा धक्का. मी सहा वर्षांत जे ओळखलं नाही, ते त्या बाईंनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं आणि नवीन लाटणं आणून गप्प बसल्या होत्या.

जयंतीला हौद्यात फुलांनी सजवलेली प्रतिमा, दोन्ही बाजूंना निळे झेंडे, आणि केबिनमध्ये आम्ही दोघे. खुणा ठरल्या होत्या. गुडघ्यावर एक थाप म्हणजे मागून कुणी हाक मारतंय, दोन म्हणजे थांबा, चिमटा म्हणजे पोरं चाकाजवळ आलीत. उन्हाने केबिन भट्टीसारखी तापली. त्यांचा डावा तळहात सबंध वेळ डॅशबोर्डवर होता. मधूनच ते क्लच दाबून तिला घडीभर दम द्यायचे आणि पुन्हा सोडायचे. विहारापुढे गाडी उभी राहिली तेव्हा त्यांच्या गुडघ्यावर माझ्या चिमट्यांचे डाग पडले असणार. गाडी एकदाही थांबली नव्हती. कुणालाही काही कळलं नव्हतं.

खाली उतरून त्यांनी सगळ्यांसमोर जावयांना स्वतःच सांगितलं. दोन वाक्यांत. जावई माझ्याकडे बघतच राहिले. मग व्याह्यांनी चावी काढली आणि मुलाच्या पुढे झालेल्या हातात न देता प्रज्ञाच्या हातावर ठेवली. "हिला बॉनेटवर हात ठिवून कळतंय," ते म्हणाले. आमची मुलगी हे कधी शिकली, हे मला, तिच्या बापाला, ठाऊक नव्हतं.

गेल्या महिन्यात व्याह्यांच्या कानांना यंत्रं बसवली. डॉक्टरकडून आम्ही सरळ कार्ल्याला आलो. घरी आल्याबरोबर त्यांनी प्रज्ञाला गाडी सुरू करायला सांगितली आणि अंगणात मधोमध उभे राहिले. इंजिन सुरू झालं. आम्हाला तो आवाज रोजचाच. पण व्याही दोन पावलं मागे सरले. इतका हबकलेला त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच पाहत होतो. पत्रा खडखडत होता, दारं थरथरत होती, सायलेन्सर खोकत होता. "येवढी खडखडती व्हय हो ही?" ते कसेबसे म्हणाले. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हातारी झाली की. मला ठावंच न्हाई."

त्यांनी दोन्ही यंत्रं कानांतून काढली, सदऱ्याच्या खिशात नीट ठेवली, बॉनेटवर तळहात टेकवला आणि डोळे मिटले. हळूहळू चेहरा निवळला. "हितं मातर अजून तरनी हाय," ते म्हणाले, आणि माझा हात ओढून त्यांनी आपल्या हाताशेजारी ठेवला. मला तापलेल्या पत्र्याखेरीज काही कळलं नाही. पण त्यांनी डोळे उघडून माझ्या तोंडाकडे पाहिलं तेव्हा मी सावकाश, एकेक अक्षर दिसेल असं म्हणालो, "व्हय, तेच म्हन्तो मी."